एचपी हिंमतराव घाट चढतात

नांदुऱ्यात स्टेशनावरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याचं दुकान लागतं. पाटीवर लाल अक्षरांत ‘एच. पी. मोटर वायंडिंग’ असं लिहिलं आहे. नवखा माणूस समजतो, एच. पी. म्हणजे हॉर्सपॉवर. तसं नाही. ती मालकाची आद्याक्षरं आहेत, हिंमतराव परशराम. पेंटरनं पाटी लहान आणली आणि आडनाव बाहेरच राहिलं. पण विहिरीवरच्या मोटरी भरण्यात पस्तीस वर्षं गेली आणि माणूस पाटीशी इतका एकजीव झाला, की आता त्यांना हिंमतराव म्हणणारं गावात कुणी उरलं नाही. सगळे एचपी म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

त्यांच्या दुकानात शेतकरी येतो तो स्वतःचं नाव सांगत नाही. ‘तीनची हाय’, ‘पाचची हाय’, ‘साडेसातची जळाली’ असं सांगतो, आणि तेवढ्यावर त्याची शेती, विहीर, पाणी सगळं हिंमतरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. या सवयीनं पुढे त्यांनी माणसंही त्याच मापानं मोजायला सुरुवात केली. नवा तलाठी त्यांच्या लेखी दीड एचपीचा. शेजारच्या किराणा दुकानदाराला ते अर्धाच देतात, कारण तो उठतो दहाला. बायको सत्यभामाबाई मात्र साडेसातची, त्यातही थ्री फेज. हे ते तिच्यासमोर म्हणत नाहीत. जगातल्या कुठल्याही वस्तूचा जोर एका आकड्यात कळतो, असा या माणसाचा पक्का समज होता. तो समज कसा मोडला, हे सांगण्यासारखं आहे.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे कान. मोटर भरणं म्हणजे जळालेली तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार मोजून वेढायची, वरून वार्निश द्यायचं. हे काम हात करतात. पण मोटर का जळाली हे कान सांगतो. वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेला की मोटर फिरत नाही, जागच्या जागी घुमते. घुमली की तापते आणि तापली की जळते. म्हणून मोटरीचा आवाज जरा बदलला की हिंमतरावांचा हात आपोआप स्विचकडे जातो. ‘मोटर ओरडली का बंद करा,’ असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना बजावतात. या एका वाक्यानं तालुक्यातल्या किती मोटरी वाचवल्या असतील, कोण जाणे.

हा कान त्यांच्या घरात आणखी एका माणसाला मिळाला होता. थोरली मुलगी अर्पिता शाळेतून आली की दुकानात येऊन बसायची. तिला कुणी काही शिकवलं नाही. पाहून पाहून बारावीपर्यंत ती तीनची मोटर एकटी भरू लागली. मग तिनं आयटीआयचा वायरमनचा फॉर्म आणला. त्यावर वडिलांची सही लागत होती आणि सोमवारी त्यांना सोबतही जायचं होतं. हिंमतराव म्हणाले, ‘सोमवारी येतो.’ सोमवार आला. दुकानात साडेसातची एक मोटर पडली होती. ती तशी काही घाईची नव्हती, पण हिंमतराव तिच्यात डोकं खुपसून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पोरीनं तारा ओढायच्या, लोक काय म्हणतील, हे त्यांच्या मनात होतं आणि ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती. नावात असून काय उपयोग! अर्पिता फॉर्म घेऊन बसस्टँडवर तीन तास थांबली आणि परत आली. त्या विषयावर ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. बी.ए. झाली, लग्न होऊन बुलढाण्याला गेली. तेव्हापासून बाबांनी काहीही कबूल केलं की ती फक्त एवढंच विचारायची, ‘नक्की ना?’

या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. हिंमतरावांना ती रोज आठवत होती असं म्हटलं तर खोटं होईल. पण ‘नक्की ना’ ऐकलं की आठवायची.

यंदा अर्पितानं बुलढाण्यात बचत गटाच्या बायका जमवल्या आणि डाळ मिल टाकायचं ठरवलं. आजूबाजूच्या चार गावांतली तूर, हरभरा आपणच भरडून विकायचा असा बेत. खोली पाहिली, थ्री फेज लाइन घेतली. मशीन मात्र नवीन परवडेना. तेव्हा हिंमतरावांनी नांदुऱ्यातच एक बंद पडलेली छोटी डाळ मिल हुडकून काढली. दोन महिने ती दुकानात उघडून ठेवली होती. बेअरिंग बदलले, रोलर घासून आणले, हिरवा रंग दिला. पाच एचपीची मोटर स्वतःच्या हातानं भरली आणि वार्निश तीन वेळा दिलं, एरवी ते दोनदाच देतात. मग लेकीला फोन केला.

‘शनिवारी अकरा वाजता मिल तुह्या दारात. मी सोता घेऊन येतो.’

‘बाबा, इथून पिकअप पाठवते ना मी. तुमाले कायले तरास?’

‘पिकअप-बिकअप काही नाही. म्या गाडी घेतली हाय. मीच आणतो.’



‘शनिवारी बाया तुरी घेऊन येऊन राह्यल्या. चाळीस जणी हायेत. नक्की ना?’

‘नक्की,’ हिंमतराव म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी मिलचा एकेक नट पुन्हा आवळून पाहिला. हा शब्द आता मोडून चालणार नव्हतं. मोडला तर पोरगी पुन्हा काही म्हणणार नाही, आणि ते न म्हणणंच त्यांना नको होतं.

गाडीची गोष्ट अशी. मोटरी ने-आण करायला त्यांनी महिन्यापूर्वी एक जुनी गाडी घेतली होती. विकणाऱ्याकडे दोन होत्या. एक डिझेलची जीप, रंग उडालेली, त्रेसष्ट एचपीची. दुसरी पेट्रोलची मोठी कार, गुळगुळीत, कागदावर शंभर एचपी लिहिलेली. किंमत सारखीच. सल्ला द्यायला सोबत अब्दुल गनी होते. गनी म्हणजे समोरच्याच गल्लीतले डिझेल मेकॅनिक, हिंमतरावांचे चाळीस वर्षांचे दोस्त आणि तितकीच वर्षं भांडणाचे जोडीदार.

गनी म्हणाले, ‘वजन वाहाचं हाय ना तुले? जीप घे. हिच्यात पुलिंग हाय.’

‘त्रेसष्ट अन् शंभर,’ हिंमतराव म्हणाले. ‘हिसाब येते का तुले?’

‘अबे, एचपी पळाचं माप हाय. ओढाचं माप दुसरं असते. टॉर्क म्हनते त्याले.’

‘पस्तीस वर्षं झाले एचपी विकून राह्यलो मी. तू मले शिकवते?’

गनींनी हात झटकले. कार घरी आली. मागच्या सीटा काढल्या गेल्या आणि सपाट रस्त्यावर ती अशी पळाली की हिंमतराव आठ दिवस गनींकडे पाहून नुसते हसत होते.

शनिवारी सकाळी आठला चार हमालांनी मिलचे तुकडे गाडीत चढवले. चार क्विंटल भरलं. गाडी मागून बसली, पुढून नाक वर करून पाहू लागली. गनी सोबत निघाले. आठवड्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, गॅरेज बंद होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. ‘गाडी चालवाले डॉक्टरनं मना केली,’ ते म्हणाले, ‘बोलाले नाही केली.’ सत्यभामाबाईंनी मिलच्या हॉपरला, म्हणजे धान्य ओतायच्या तोंडाला, हळदीकुंकू लावलं, डब्यात पोळ्या आणि झुणका दिला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘पोरगी वाट पाहते. रस्त्यात कोनाशी बोलत उभं राहू नोका.’

मोताळ्यापर्यंत सगळं झकास होतं. दोन्ही बाजूंना हरभरा काढणीला आलेला, ऊन कोवळं, गाडी ऐंशीनं पळतेय. हिंमतरावांनी गनींना दोनदा विचारलं, ‘काय म्हनते तुही जीप?’ गनी काळ्या चष्म्याआडून समोर पाहत राहिले. राजूर सोडलं आणि घाट लागला.

पहिल्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. वेग कमी होत गेला आणि हिंमतरावांनी पाय जरा जास्त दाबला. काही झालं नाही. आणखी दाबला. इंजिन खालच्या आवाजात गुरगुरलं, स्टिअरिंग थरथरलं, गाडीनं दोन गचके दिले आणि वळणाच्या अलीकडे बंद पडली. मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न देऊन बगल दिली.

‘पैल्यात टाक, रेस दे, मंग क्लच सोड,’ गनी म्हणाले.

हिंमतरावांनी पहिला टाकला. रेस दिली. इंजिन मोठ्यानं ओरडलं, आणि ते ओरडल्याबरोबर त्यांचा पाय आपसूक वर आला. गाडी बंद. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी पाय दाबून ठेवायचं ठरवलं, पण कानात ते किंचाळणं शिरलं की पस्तीस वर्षांची सवय पायापर्यंत पोचायची. मग त्यांनी क्लच अर्धा दाबून धरला. गाडी हातभर पुढे सरकली आणि जळका वास आला. तो वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता, जळालेल्या वार्निशच्या जवळचा. त्यांनी घाबरून किल्लीच फिरवली.

‘जळाली का रे?’

‘क्लच हाय. अजून नाही जळाला,’ गनी खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावत म्हणाले. ‘असाच अर्धा धरून ठेवला तं जळन. तू पाय काऊन उचलते?’

‘ओरडून राह्यली ना ती!’

‘मंग ओरडू दे ना बे!’

‘तुले काय कळते आवाजातलं!’

 गनींनी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रुमालानं मान पुसली. घड्याळात साडेदहा झाले होते. वरून एक रिकामा टेम्पो उतरत आला. ड्रायव्हरनं थांबून विचारलं, काका, माल टाकू का माझ्यात, वर नेऊन देतो. भला माणूस होता. हिंमतरावांनी मान हलवली. मिल दुसऱ्याच्या गाडीतून गेली तर ती जाईल खरी, पण आपण दिलेला शब्द इथंच राजूरच्या घाटात राहील, असं त्यांना वाटलं. हा अडेलपणा होता. पण बारा वर्षांपूर्वी हाच अडेलपणा योग्य जागी केला असता तर बरं झालं असतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

इतक्यात गनींनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे अर्पिता होती.

‘कुठं पोचले बाबा?’

‘घाटात,’ ते म्हणाले. ‘गाडी चढून नाही राह्यली.’

ती रागावली नाही. तिच्या आवाजात आश्चर्यही नव्हतं. ‘बरं. तुमी बाजूले थांबा. पिकअप सांगूनच ठेवली होती मी. अर्ध्या घंट्यात येते ती.’

सांगूनच ठेवली होती. म्हणजे तिनं ती रद्द केलीच नव्हती.  तिचं काही चुकलं असं हिंमतरावांना म्हणता येईना. एकदा बसस्टँडवर तीन तास थांबलेल्या माणसानं दुसऱ्यांदा दुसरी सोय करून ठेवावी, यात गैर काय? त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

त्या ‘बरं’मधलं काहीतरी तिला कळलं असावं. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘काय होऊन राह्यलं नेमकं? आवाज कसा येते?’

हा प्रश्न मात्र त्यांच्या गल्लीतला होता. त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्यात घुमते, पहिल्यात ओरडते, ओरडली की मी पाय काढतो. गनींनी फोनचा स्पीकर लावला आणि कठड्यावरून उठून जवळ आले.

‘बाबा, एक सांगा,’ अर्पिता म्हणाली. ‘पाच एचपीची, मिनिटाले चौदाशे फेऱ्याची मोटर, अन् पाच एचपीची अठ्ठावीसशेची मोटर. पिठाच्या गिरणीवाल्याले कोणची देता?’

‘चौदाशेची. हे काय विचारनं झालं?’

‘काऊन पन?’

‘काऊन म्हंजे? अठ्ठावीसशेची मिनिटाले दुप्पट फिरते, पन तिच्या फेऱ्यात रेटा नसते. पाण्याच्या पंपाले चालते. गिरणीचं जातं तिच्यानं लोटत नाही. चौदाशेची हळू फिरते, पन एकेक फेरा जोरानं पिळते.’

‘एचपी तं दोघींचा पाचच हाय ना?’

‘पाचच,’ हिंमतराव म्हणाले आणि कारकडे पाहू लागले.

सांगायला हवं की यात त्यांना नवीन काहीच नव्हतं. दोन हमाल असावेत, एकानं पन्नास किलोचं पोतं एकदाच उचलावं, दुसऱ्यानं तेवढ्याच वेळात दहा किलोची पाटी पाचदा उचलावी. काम दोघांचं सारखंच भरतं. पण दाराशी पोतं येऊन पडलं तर बोलवायचं कुणाला, हे पोरालाही कळतं. एका वेळी किती उचलता येतं तो टॉर्क, आणि दिवसभरात एकूण किती उचललं जातं तो एचपी. हिंमतराव हे पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना आपल्या शब्दांत सांगत आले होते. फक्त मोटरीला चार चाकं लागली आणि त्यांनी ते ओळखलं नाही.

‘तुमची कार अठ्ठावीसशेची मोटर हाय,’ अर्पिता पुढे म्हणाली. ‘गनीचाचा म्हनत होते थे जीप चौदाशेची होती. तुमी एचपीचा आकडा वाचला, अन् तो किती आरपीएमवर, म्हंजे मिनिटाले किती फेऱ्यावर, हाय थे वाचलंच नाही.’

गनी आभाळाकडे पाहून म्हणाले, ‘सुभानल्ला!’

‘तू चूप बस,’ हिंमतराव म्हणाले. मग फोनला म्हणाले, ‘आता घेऊन चुकलो ना बाप्पा. पुढं काय?’

‘समजा दुकानात अठ्ठावीसशेचीच मोटर हाय अन् गिरणी तिच्यावरच चालवाची हाय. काय करसान?’

‘पट्ट्याची पुली बदलीन. मोटरले लहान, गिरणीले मोठी. फेरे कमी होते, जोर वाढते.’

‘पैला गिअर म्हंजे थेच. अन् पुली बदलल्यावर मोटर किती पळू देसान?’

‘पूर्ण पळू देईन. दाबून हळू फिरवली तं...’

 अर्पितानंच वाक्य पुरं केलं.

‘दाबून हळू फिरवली तं जळते. तुमी तिसऱ्यात तिले दाबून राह्यले होते बाबा. थे घुमनं होतं. पैल्यात ओरडते थे ओरडनं नोहे, थो तिचा पूर्ण स्पीड हाय. तिथंच तिचा जोर हाय. पाय काढला का तुमीच तिचा फेज काढता.’

हिंमतराव गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. घाटाच्या खाली मोताळ्याकडची शेतं उन्हात दिसत होती. आपला कान खरा होता, ऐकलं तेही खरं होतं, फक्त कोणता आवाज दुखण्याचा आणि कोणता ताकदीचा हे आपण उलटं धरलं, हे त्यांना कळलं. आणि हे सांगणारी पोरगी आपण बी.ए.ला पाठवली. तिच्या हुशारीचं कौतुक वाटावं की स्वतःची लाज, हे त्यांना ठरवता येईना, तेव्हा त्यांनी दोन्ही वाटू दिलं.

‘फोन बंद नको करू,’ ते म्हणाले आणि गाडीत बसले.

गनींनी फोन हातात धरला. पहिला गिअर. हँडब्रेक ओढलेला. हिंमतरावांनी रेस दिली. इंजिन चढत गेलं, चढत चढत त्या टिपेला पोचलं जिथं त्यांचा पाय दर वेळी वर येत होता. त्यांनी दात आवळले. डोळे मिटणार होते, पण गनींनी दंडाला चिमटा काढला. क्लच हळू सोडला, हँडब्रेक खाली टाकला. गाडी थरथरली, मागच्या चाकांनी दगड सोडले आणि चार क्विंटल हिरवं लोखंड घेऊन ती पुढे सरकली.

‘चालली!’ गनी ओरडले. ‘काढू नको पाय! दुसरा टाकू नको! हाय तशीच राहू दे!’

गाडी चालणाऱ्या माणसापेक्षा थोडी जलद जात होती, पण जात होती. आवाज असा की गाडीत शेजारी बोललेलं ऐकू येईना. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर माकडं कठड्यावरून उठून झाडात गेली. हिंमतरावांचा पाय खाली रुतलेला, कान किंचाळण्यानं भरलेले, आणि त्या कल्लोळात त्यांच्या तोंडून जे बारा वर्षांत निघालं नव्हतं ते निघालं.

‘अर्पिता! सही कराले पायजे होती म्या!’

‘काय?’ फोनमधून बारीक आवाज आला. ‘काही आयकू नाही आलं!’

‘सही! आयटीआयच्या फॉर्मवर! सोमवारी याले पायजे होतं म्या! चुकलो मी!’

हे त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की समोरून येणाऱ्या मोटरसायकलवरचा माणूस वळून पाहू लागला. गनींनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटल्याचं आठवून चष्मा पुन्हा घातला.  फोन कट झाला का ते गनींनी पाहिलं. मग अर्पिता म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता, ‘आधी घाट चढा बाबा. रस्त्याकडे ध्यान ठेवा.’

घाट चढायला पंधरा मिनिटं लागली असतील. वर सपाटीला आल्यावर हिंमतरावांनी एका झाडाखाली गाडी थांबवली, इंजिनला दहा मिनिटं विसावा दिला आणि दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी पिऊन संपवलं. गनी म्हणाले, ‘जीप असती तं तिसऱ्यात आली असती, गाणं म्हनत.’ हिंमतराव म्हणाले, ‘हाव.’ चाळीस वर्षांत ते गनींशी सहमत झाले ते पहिल्यांदाच.

मिलच्या दारात पोचायला पावणेबारा झाले. बायका ओट्यावर, पोत्यांवर, सावली धरून बसल्या होत्या. पिकअप आलीच नव्हती. अर्पितानं ती फोनवरून माघारी लावली होती, केव्हा ते तिनं सांगितलं नाही आणि हिंमतरावांनी विचारलं नाही. ती पदर खोचून पुढे आली, वडिलांच्या पाया पडली, आणि दुसऱ्या मिनिटाला मशीनचे तुकडे उतरवायला लागली. बायकांनी मिळून मिल आत नेली. चौकट जमिनीला कसली, रोलर बसवले, पट्टा चढवला. मोटरची पेटी उघडून तारा जोडायची वेळ आली तेव्हा हिंमतरावांच्या हातात पकड होती. त्यांनी ती लेकीपुढे धरली.

‘तूच लाव.’

तिनं लावल्या. एकही तार दोनदा पाहिली नाही. तीन वाजता स्टार्टर दाबला. पट्टा एकदा फडफडला, मोटरीनं स्पीड धरला आणि हॉपरमधली तूर खाली सरकू लागली. दोन मिनिटांनी पिवळी डाळ पत्र्यावर पडली. एका म्हातारीनं ती मुठीत घेऊन वास घेतला आणि शेजारणीच्या हातात दिली.

अर्पिता बायकांकडे वळली. ‘हे माहे वडील,’ ती म्हणाली. ‘ही मोटर यायनंच भरली. मले बी यायनंच शिकवलं.’

बायका कौतुकानं पाहू लागल्या. हिंमतरावांना गप्प बसता आलं असतं. गनींनी तशी खूणही केली. पण ते एक पाऊल पुढे आले.

‘पोरगी खोटं बोलून राह्यली,’ ते म्हणाले. ‘म्या नाही शिकवलं तिले. ती पाहून शिकली. शिकवाचं होतं, म्या नाही शिकवलं. लोकायले भेलो.’ मिल चालू होती, त्यामुळे त्यांना जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं. ‘आता इथली मोटर जळली तं नांदुऱ्यापर्यंत कोन येईन? मी दर बुधवारी येतो. जिले मोटर भरनं शिकाचं असन तिनं हात वर करा.’

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी हसली, कुणी पदर तोंडाला लावला. मागची एक तरणी सून हात अर्धा उचलून थांबली.

पहिला हात अर्पितानं वर केला.